मी खुडूक बसलो त्याची गोष्ट

अकोल्याच्या तहसील कचेरीत मला कारकुनी लागली तेव्हा जे घर भाड्यानं मिळालं, त्याच्या परसात आधीच्या भाडेकरूची एक कोंबडी राहून गेली होती. काळपट, अंगानं बारकी, एका पायानं किंचित लंगडी. मी घरमालकांना म्हटलं, "ही कोणाची?"

"थे घरासंगच हाय," ते म्हणाले, आणि किल्ली देऊन निघून गेले.

माझं लग्न नुकतंच झालं होतं. बायको हिवरखेडच्या शेतकरी घरातली, तिला कोंबडीचं अप्रूप नव्हतं. मला मात्र त्या लंगडीचा लळा लागला. तिला सोबत म्हणून दुसरी आणली, दुसरीला कोंबडा आणला, आणि वर्षभरात मी अकोल्यातल्या कोंबडीवाल्यांमध्ये जमा झालो.

हे कोंबडीवाले म्हणजे धंदेवाले नव्हते. हौसेपायी वेळ घालवणारी माणसं होती. दर रविवारी सकाळी आम्ही गार्डसाहेबांच्या अंगणात जमायचो. गार्डसाहेब मूर्तिजापूरच्या छोट्या रेल्वेवर आयुष्य काढून निवृत्त झालेले. सरकारी केंद्रातून त्यांनी पांढऱ्या विलायती कोंबड्या आणल्या होत्या, आणि त्यांना रेल्वेचीच शिस्त लावली होती. संध्याकाळी ते शिट्टी मारत आणि हिरवी झेंडी दाखवत. मगच कोंबड्या खुराड्यात शिरत. एकदा झेंडी धुवायला टाकली होती, तर सगळ्या अंधार पडेपर्यंत अंगणात उभ्या राहिल्या, असं ते अभिमानानं सांगायचे.

दुसऱ्या होत्या नर्सबाई. सरकारी दवाखान्यात बाळंतपणं करायच्या, घरी गावठी कोंबड्या पाळायच्या, आणि दोन्हीकडे एकाच आवाजात बोलायच्या. तिसरे टेलरचाचा. त्यांच्या दुकानात शिलाई मशीनच्या वर पिंजरा टांगलेला असे आणि त्यात बटेरची जोडी. बटेर म्हणजे आपल्या शेतात ज्वारीच्या धांड्यांतून तुरूतुरू पळतात त्या लाव्यांपैकीच एक. चाचांच्या वडिलांनी बटेर झुंजवले होते, आजोबांनी झुंजवले होते. त्यामुळं आमच्या कोंबड्यांकडे ते जरा वरूनच पाहत.

"चार मोठाले मानसं उकिडवे बसून कोंबडीच्या मांगं पायत राह्यतात," असं आमच्या रविवारांचं वर्णन बायकोनं माहेरी केलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

एका आषाढात चाचा दुकान बंद करून बर्फीचा पुडा घेऊन घरोघर फिरले. त्यांच्या बटेरनं अंडी घातली होती. पिंजऱ्यातला बटेर अंडी घालत नाही, असं त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या सांगत आले होते. चाचांच्या मादीला ते कोणी सांगितलं नसावं. आम्ही सगळे पाहायला गेलो. मोठ्या बोराएवढी पिवळट अंडी, वर तपकिरी शिंतोडे. नऊ होती. पिंजऱ्यात अंथरलेल्या कापडाच्या कपट्यांत पडलेली, आणि मादी त्यांच्याकडे पाठ करून बाजरी टिपत होती.

"ही तं पाहूनबी नाई राहिली," नर्सबाई म्हणाल्या.

"बाबूजी, कुछ करो," चाचा मला म्हणाले. "खुडूक कोंबडी कोनाकडे हाय?"

खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसलेली. अशी कोंबडी जागेवरून हलत नाही, धड खात नाही, जवळ गेलं की पिसं फुलवून गुरगुरते. गार्डसाहेबांच्या विलायती कोंबड्या अंडी भरपूर द्यायच्या पण उबवायला बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. नर्सबाईंच्या कोंबड्यांना नुकतीच पिल्लं झाली होती. सगळ्या अकोल्यात आमच्या माहितीची एकच खुडूक होती. माझी लंगडी. अंगानं हलकी, म्हणजे बटेरची नाजूक अंडी फुटायचीही भीती नाही. चाचांनी अंडी कापसात गुंडाळून, छत्री धरून, मिरवणुकीसारखी माझ्या घरी आणली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात टोपलीत भुसा घालून लंगडीला बसवलं. तिनं नऊच्या नऊ पोटाखाली ओढून घेतली. चाचांनी तिला सलाम केला.

इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. मग मला ताप आला.

ताप फार नव्हता, पण चिवट होता. उतरल्यासारखा व्हायचा आणि दुपारपासून पुन्हा चढायचा. पाय लटपटायचे, अन्न नको वाटायचं. बायको घाबरली, तिनं हिवरखेडला निरोप धाडला. दुसऱ्याच दिवशी सासूबाई मोटारीनं हजर. आल्या आल्या त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला, लेकीला दवाखान्यात औषध आणायला पिटाळलं, आणि पदर खोचून स्वयंपाकघरात शिरल्या. मला झोप लागली.

जागा झालो तो वासानं. सासूबाई वाडगं घेऊन उभ्या होत्या. लाल, तिखट, वर तेलाचा तवंग असलेला रस्सा. किती दिवसांनी मला भूक लागली. मी दोन वाडगी प्यालो, नळ्याही चोखल्या.

"ताकद येते यानं," सासूबाई म्हणाल्या.

"कुठून आणली कोंबडी?" मी कौतुकानं विचारलं.

"आनाले कायले पायजे? घरातच तं होती. रिकामी बसून राहिली होती टोपलीत. दोनदा उठोली, तं उठेना. उलटी मलेच टोचाले धावली. अशी कोंबडी काय कामाची, जावईबुवा? अंडे देत नाई, फिरत नाई. शेजारच्या मानसाकडून कापून घेतली."

माझ्या हातात वाडगं तसंच राहिलं. तेवढ्यात बायको औषधाची बाटली घेऊन आली. तिनं आधी माझ्या वाडग्यातल्या नळ्या पाहिल्या, मग कोपऱ्यातली टोपली, मग आईकडे पाहिलं.

"माय," ती हळू आवाजात म्हणाली, "काय केलं व हे?"

भुशात बुडालेली अंडी सासूबाईंना दिसलीच नव्हती. त्यांना कळेपर्यंत बायकोनं टोपलीवर गोधडी घातली आणि धावत चाचांना बोलावून आणलं. त्यांच्यामागून नर्सबाई आल्या, आणि टोपी सावरत गार्डसाहेबही आले. चाचा माझ्या खाटेजवळ उकिडवे बसले. वाडग्यातली एक नळी उचलून उलटसुलट करून पाहिली, परत ठेवली.

"बाबूजी," शेवटी ते म्हणाले, "तुमी तं दाईलेच खाऊन टाकलं."

मला रडू यायचं बाकी होतं. एकतर लंगडी गेली होती, आणि ती गेली ती माझ्याच पोटात. वर रस्सा चांगला झाला होता, त्याचं आणखीच वाईट वाटत होतं.

गार्डसाहेब म्हणाले, मूर्तिजापूरला त्यांच्या साडूकडे एक खुडूक आहे, संध्याकाळच्या गाडीनं अंडी पाठवू. नर्सबाईंनी अंड्यांवर हात ठेवला. "थंडे होऊन राहिले. गाडीपर्यंत दम नाई निघत." मग सवयीनं, करायला दुसरं काही नाही म्हणून, त्यांनी पिशवीतून थर्मामीटर काढून माझ्या तोंडात दिलं. थोड्या वेळानं काढून उजेडात धरलं. आणि तसंच धरून उभ्या राहिल्या.

"एकशे एक," त्या म्हणाल्या.

 मग चाचांनी माझ्याकडे पाहिलं. गार्डसाहेबांनीही पाहिलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"अंड्याले एवढीच ऊब लागते," नर्सबाई म्हणाल्या.

"अवो बाई, मानूस हाय तो!" बायको ओरडली.

"म्हून तं सांगून राहिली. कोंबडी दाना खाले उठते. हे कुठी उठून राहिले?"

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "जावयाच्या आंगावर पाखराचे अंडे? काय अपशकुन हाय!"

"शकुन-अपशकुन आमी नागपूरले सोडून आलो, मावशी," नर्सबाई म्हणाल्या. त्यांच्या घरच्यांनी नागपूरला दीक्षा घेतली होती, आणि तेव्हापासून असल्या बोलण्याला त्यांच्याकडे हे एकच उत्तर असे. "ह्या अंड्याची माय तुमी चुलीवर ठेवली. आता जरा गप बसा."

मला कोणी विचारलं नाही. नर्सबाईंनी सदरा वर केला आणि चार अंडी एका काखेत, पाच दुसऱ्या काखेत ठेवली. गारगार लागली. चाचांनी गळ्यातली टेप काढली. माझी छाती मोजली, पोट मोजलं, मग एक अंडं मोजलं.

"कोनत्या कुशीवर झोपता?"

"उजव्या."

"आता नाई झोपायचं," असं म्हणून ते दुकानात गेले आणि दिवेलागणीला कापसाची बंडी शिवून घेऊन आले. आतल्या बाजूनं नऊ खिसे, प्रत्येकाला एक बंद. चाचांनी शिवलेले कपडे मी बरेच घातले, पण त्या बंडीइतकं अंगाबरोबर काही बसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून घराची शिस्त बदलली. अंडी दिवसातून तीन-चार वेळा फिरवावी लागतात, नाहीतर आतलं पिल्लू एका बाजूला चिकटतं. सासूबाईंनी प्रत्येक अंड्याला एका बाजूनं काजळाचं बोट लावलं. फिरवायची वेळ झाली की गार्डसाहेब अंगणातून शिट्टी मारत, मी सदरा वर करी, आणि सासूबाई काजळाची बाजू आत किंवा बाहेर करून जात. सगळ्यांत जास्त मनावर त्यांनीच घेतलं होतं. कोंबडी कापली हे त्यांना फार लागलं होतं, आणि त्याची भरपाई त्या माझ्याकडून करून घेत होत्या. मी जरा वळलो की लगेच आवाज यायचा, "जावईबुवा, कड बदलू नोका!" मी शिंकलो तर त्या आधी खिसे चाचपायच्या, मग मला पाणी द्यायच्या.

डॉक्टर आले. शहरातले नावाजलेले, गंभीर माणूस. त्यांनी छातीला नळी लावली, पोट दाबून पाहायला हात घातला, आणि थांबले.

"हे काय लागतंय?"

"अंडी," मी म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत नीट पाहिलं. "कोणाची?"

"टेलरची."

बटेरची म्हणायचं होतं, पण तापात जीभ वळली नाही. डॉक्टर बायकोकडे वळून म्हणाले, "बडबड कधीपासून सुरू आहे?" मग नर्सबाईंनी पुढं होऊन बंद सोडून दाखवले. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या.

"यानं ताप एकदम उतरंल का हळूहळू?" नर्सबाईंनी विचारलं.

"एकदम उतरायला पाहिजे."

"हळूहळू नाई जमनार?"

"बाई," डॉक्टर म्हणाले, "मी माणसांचा डॉक्टर आहे." आणि निघाले. दारापर्यंत गेले, चप्पल घातली, आणि मागं न वळता म्हणाले, "किती दिवस राहिलेत?" त्यानंतर ते रोज, इकडूनच चाललो होतो म्हणून, डोकावून जाऊ लागले.

गोळ्या गुणाच्या निघाल्या. एका सकाळी मी जागा झालो तर अंग हलकं, डोकं साफ, कपाळ गार. मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्यानं म्हणालो, "ताप गेला!" आणि आजूबाजूला जे चेहरे पाहिले ते मी कधी विसरणार नाही. धुतल्यावर आखडलेल्या कापडाकडे पाहावं तसं चाचांनी माझ्याकडे पाहिलं. गार्डसाहेब "अरेरे" म्हणाले. माझी सख्खी बायको, जिनं माझ्यासाठी उपास बोलले होते, तिनंसुद्धा पुन्हा एकदा हात लावून पाहिला, कदाचित चुकून असेल म्हणून.

मग माझ्यावर दोन गोधड्या चढल्या. पायाशी गरम विटा आल्या. सासूबाईंनी सुंठीचा काढा आणि ठेचा-भाकरी सुरू केली, आंगात आग राहावी म्हणून. मी धडधाकट माणूस आषाढात घामानं न्हाऊन पडून राहिलो. उठू शकलो असतो. कोणी बांधून ठेवलं नव्हतं. पण आता मलाच उठवत नव्हतं. बंडीतली अंडी माझ्या श्वासाबरोबर वरखाली व्हायची आणि मी श्वास बेतानं घ्यायला लागलो होतो. खोलीत कोणी नसलं की मी त्यांच्याशी बोलायचो. काय बोलायचो ते सांगत नाही, पण बरंच कचेरीबद्दल असायचं.

आणि कचेरीच घरी आली. माझी रजा लांबली म्हणून हेडक्लार्कसाहेब स्वतः पाहायला आले. आजार खरा आहे का, हा त्यांच्या येण्याचा मतलब होता. खुर्ची ओढून बसले, माझ्या टवटवीत तोंडाकडे पाहिलं.

"चेहरा तर चांगला दिसतो. उठून बसा बरं."

"उठता येत नाही, साहेब."

"का? काय होतंय?"

मी उत्तर देणार तेवढ्यात माझ्या डाव्या बरगडीपाशी काहीतरी टोचलं. आणि गोधडीच्या आतून, अगदी पोटातून आल्यासारखा, बारीक आवाज आला. "पी."

हेडक्लार्कसाहेब पुढं वाकले. पुन्हा आवाज आला, या वेळी दोन ठिकाणांहून.

"वात धरला हाय पोटात," सासूबाई दारातून म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

साहेबांचा रंग उतरला. त्यांनी माझ्या पायावरून हात फिरवला, रजेची काळजी करू नका म्हणाले, आणि चहा न घेता गेले. माझ्या आतड्यांतून पाखरासारखा आवाज येतो, हे त्यांनी कचेरीत सगळ्यांना सांगितलं.

ते गेल्यावर आम्ही बंद सोडले. दोन अंडी फुटून गेली होती, तीन तशीच राहिली. चारांतून पिल्लं निघाली. मोठ्या भुंग्याएवढी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, ओली. माझ्या पोटावर पडली, थोडी वाळली, आणि उठून चालायला लागली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं हसतायत, पण त्या रडत होत्या. चाचा तर उघडच रडत होते. नर्सबाईंनी हात धुतले आणि म्हणाल्या, "बाळंतीन अन् लेकरं, दोनी ठीक हायत."

लोकांना इथं गोष्ट संपल्यासारखी वाटते. खरा त्रास पुढं होता. पिल्लांनी डोळे उघडून पहिलं मला पाहिलं होतं, त्यामुळं त्यांच्या लेखी मीच आई होतो. मी चाललो की चौघं एका ओळीत मागून. मी थांबलो की थांबायची. मी परसाकडे गेलो की बाहेर उभी राहून आकांत करायची. बायको त्यांना ज्वारीची कणी बारीक करून घालायची, गार्डसाहेब जुन्या कंदिलात वाळवी भरून आणायचे, पण मी समोर नसलो तर पिल्लं दाण्याला तोंड लावायची नाहीत. शेवटी रजा संपली तेव्हा झाकणाला भोकं पाडलेल्या टोपलीतून त्यांना कचेरीत न्यावं लागलं. टोपली टेबलाखाली पायाशी ठेवायचो. मधूनच "पी पी" व्हायचं. हेडक्लार्कसाहेब मान वर करून माझ्या पोटाकडे दयेनं पाहायचे आणि माझ्यापुढची एखादी फाईल दुसऱ्याकडे सरकवायचे. त्या महिन्याइतकं हलकं काम मला नोकरीत पुन्हा मिळालं नाही.

पिल्लं वाढली. एक मांजरानं नेलं. एक नर निघाला, तो चाचांनी मागून घेतला. अंडी त्यांचीच होती, मला नाही म्हणता येईना. चाचांना वाटत होतं, माणसाच्या अंगावर उबलेला बटेर म्हणजे वाघ होणार. कार्तिकात गावाबाहेरच्या मैदानात त्यांनी त्याला झुंजीला उतरवलं. समोर एका पहिलवानाचा बटेर, कातावलेला, चोच पाजळून आलेला. आमच्यानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भोवती उकिडवी बसलेली माणसं पाहिली, आणि आनंदानं धावत जाऊन सरळ पहिलवानाच्या बाहीत शिरला. वर काखेपर्यंत गेला आणि झोपला.

पहिलवान भला दांडगा माणूस. पण त्यानं हात हलवला नाही. "चाचा," तो कुजबुजला, "हा काय करून राहिला?"

"झोपला," चाचा म्हणाले.

"मंग आता?"

"आता बसा."

झुंज मोडली. लोक पांगले. पहिलवान ऊन कलेपर्यंत एक हात अंगाशी धरून मैदानात बसून होता, आणि चाचा शेजारी बसून त्याला बंडीचं माप सांगत होते.

त्याच सुमारास माझी अमरावतीला बदली झाली. उरलेल्या दोन माद्या तिकडच्या भाड्याच्या खोलीत नेणं शक्य नव्हतं, आणि पिंजऱ्यात कोंबून कोणाला द्यायला मन घेईना. जाताना वाटेत त्यांना रानात सोडायचं ठरलं. मूर्तिजापूरच्या अलीकडे मोटार पाणी घ्यायला थांबली तेव्हा बायको सामानापाशी राहिली आणि मी टोपली घेऊन ज्वारीत उतरलो. टोपली उघडली, दोघींना जमिनीवर ठेवलं, परत फिरलो. त्या मागं. पुन्हा आत नेऊन ठेवलं. पुन्हा मागं. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. मग मी धोतर वर खोचलं आणि पळालो. सरळ पळालो तर त्या सरळ येत होत्या, म्हणून वाकडातिकडा पळालो. धांडे तोंडावर बसत होते, पानांनी कान चिरले. मधेच पाखरं राखायचा माळा होता, त्यावरून एक शेतकरी गोफण हातात घेऊन माझ्याकडे पाहत होता.

"काय झालं, बाबूजी?" तो ओरडला. "काय मांगं लागलं?"

"लावे!" मी म्हणालो.

त्यानं गोफण खाली ठेवली आणि माळ्यावर बसून घेतलं.

धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन मी थांबलो तेव्हा मागं कोणी नव्हतं. ज्वारीत कुठंतरी दोघी बोलावत होत्या. मला की एकमेकींना, ते नक्की सांगता येत नाही. मी थोडा वेळ ऐकत उभा राहिलो. मग मोटारीकडे गेलो. बायकोनं माझ्या कानावरचं रक्त पदरानं पुसलं, टोपी नीट केली, आणि रिकामी टोपली मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. प्रवासात आमचं हमखास वाजायचं, पण अमरावती येईपर्यंत आम्ही दोघं कशावरूनही भांडलो नाही.